साक्षीतून गाळलेलं वाक्य

"चूक माझीच होती," याकोब माइकमध्ये म्हणाला, आणि पहिल्या बाकावरून सोपानरावांचा "आमेन!" इतक्या जोरात आला की मागच्या रांगेत झोपलेलं कुणाचंसं तान्हं दचकून रडायला लागलं.

आकुर्डीत टाइल्सच्या दुकानावर भाड्याचा हॉल आहे, तिथे दर रविवारी साडेदहाला ख्रिस्ती मंडळीची उपासना भरते. गाणी झाली की पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" मग ज्याच्या आयुष्यात देवाने काही केलं असेल तो उठतो, माइक घेतो आणि सांगतो. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या पोराला कंपनीत परमनंट केलेलं असतं. त्या रविवारी याकोब वाघचौरे उभा राहिला. माइक डाव्या हातात होता. उजवा हात त्याने रुमालात गुंडाळून पोटाशी धरला होता. नऊ आठवड्यांपूर्वी चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनखाली त्या हाताची चार बोटं गेली होती. अंगठा तेवढा राहिला.

"सव्वीस वर्षं मी प्रेसवर काढली," तो सांगत होता. "कधी नखाला धक्का लागला न्हाई. त्याचा मला गर्व झाला. मी घाई केली, माझं लक्ष ढळलं. देवानं मला खाली बसवलं. जे झालं ती त्याची मर्जी. माझी कोणाबद्दल काय तक्रार न्हाई."

बायकांच्या बाजूला बसलेली त्याची बायको रिबका पदराने डोळे पुसत होती. खोटं कशाला सांगा, तिला अभिमान वाटत होता. हॉस्पिटलमधून आल्यापासून जो माणूस दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा, तो आज सत्तर माणसांसमोर ताठ उभा राहून बोलला होता.

उपासना संपल्यावर सोपानराव आढाव स्वतः उठून तिच्याकडे आले. सोपानराव म्हणजे मंडळीचे पंच. आणि सोमवार ते शनिवार याकोबच्या कंपनीत सुपरवायझर. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच शब्द टाकून याकोबला तिथे चिकटवलं होतं, त्यामुळे वाघचौऱ्यांच्या घरात त्यांचं नाव कायम 'राव' लावूनच घेतलं जाई.

"प्रेज द लॉर्ड, वहिनी! काय साक्ष दिली भावाने! मी पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड केलीय," त्यांनी मोबाइल दाखवला. "सगळ्या ग्रुपवर टाकतो. लोकांना बोध होईल."

"टाका की," रिबका म्हणाली.

हो, तीच म्हणाली. त्या दोन शब्दांसाठी पुढच्या आठवड्यात तिने स्वतःला काय काय म्हणून घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि नुसतं तेवढंच असतं तरी चाललं असतं. शनिवारी संध्याकाळी मोशीतल्या त्यांच्या खोलीत याकोबने पलंगाच्या कडेला बसून साक्षीची तयारी केली होती. रिबका मेथी निवडत ऐकत होती. त्यात एक वाक्य होतं : "मशीनचा सेन्सर त्या दिवशी बंद करून ठेवला होता." सेन्सर म्हणजे प्रेसच्या तोंडाशी बसवलेला डोळा. आत हात आला की तो मशीन जागच्या जागी थांबवतो. नवरा प्रेसवर असला की बायकोला इतपत माहीत होतंच. पण वाक्य ऐकून तिने नकारार्थी मान हलवली होती.

"तेवढं काढा," ती म्हणाली.

"का? खरं हाय ते."

"खरं असंल. पण साक्षीत गाऱ्हाणं घालू नये. लोकांना वाटंल, उणीदुणी काढायला उभा राहिला. आन् सोपानराव तिथं समोरच बसलेले असत्यात. आपलं तेवढं बोलावं, देवाची स्तुती करावी, खाली बसावं."

त्यांच्यात रीतच होती तशी. साक्ष देणारा आधी स्वतःची चूक कबूल करतो, मग देवाचा महिमा सांगतो. तिसऱ्या माणसाचं नाव त्यात येत नाही. नवऱ्याने मारून हात मोडलेली बाईसुद्धा "मी पडले" म्हणते आणि हाड जुळलं म्हणून देवाचे आभार मानते. राहुरीजवळच्या गावात रिबका लहानपणापासून हेच ऐकत आली होती. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. याकोबने ते वाक्य गाळलं. बायकोच्या शब्दाबाहेर तो सहसा जात नसे.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला रिबका कामावरून आली. मोशीतच एका मेसमध्ये ती चपात्या लाटते, रोजच्या साडेतीनशे. दंड भरून आलेले, साडीवर पीठ, आणि दारात शफी बसलेला. शफी कंपनीत मेंटेनन्सचा फिटर. याकोबचा जुना दोस्त, पहिली शिफ्ट करून आला की येता-जाता डोकावणारा.

"भाऊ कुठंय, वहिनी?"

"हाताचा व्यायाम करायला दवाखान्यात गेलेत. येतील."

"नाहीयेत तेच बरं. त्यांच्यासमोर तोंड उघडलं नसतं माझं." शफीने हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "शुक्रवारी कारखाना निरीक्षक मॅडम येणारायत. भाऊंचा जबाब घेणार."

"म्हाईत हाय. चिठ्ठी आलीय."

"ते नाही सांगत. एचआरच्या रणजीत सरांकडे भाऊंचा व्हिडिओ आहे. तुमच्या चर्चमधला. आज केबिनमध्ये लावून बघत होते. म्हणाले, काम झालं, माणूस स्वतःच कबूल करतोय. ऑपरेटरची चूक लिहिली की फाइल बंद."

रिबकाला क्षणभर काही उमगेना. साक्षीचा व्हिडिओ रणजीत सरांना कशाला हवा? त्यांना कसला बोध घ्यायचाय?

"त्यांच्याकडं गेलाच कसा?"

"सोपानरावांनी पाठवला. दुसरं कोण पाठवणार?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने हॉस्पिटलमध्ये याकोबच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना केली, डोळ्यांतून पाणी काढलं, तो माणूस हॉलच्या पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा थांबला नव्हता!

"अजून आहे," शफी म्हणाला. "त्याच सहा नंबरच्या प्रेसवर आता बुद्धरत्नला बसवलाय. चाळिशीचा माणूस, देहूरोडवरून येतो, घरी दोन पोरी. आणि सेन्सर अजून बंदच आहे."

"तुमाला काय म्हाईत बंद हाय ते?"

शफीने मान खाली घातली. "वायर मीच टाकलीय, वहिनी. सोपानराव म्हणाले, सेन्सर उठसूट मशीन थांबवतो, माल निघत नाही, बायपास कर. मी केलं. चुकलं माझं."

"चुकलं म्हणून माझ्या दारात येऊन बसलाय व्हय? त्या बुद्धरत्नाला सांगितलंत का?"

"त्याला माहितीय. सगळ्यांनाच माहिती असतं. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेट बंद. भाऊ पण बसतच होते ना त्याच मशीनवर?"

ती साडीवरचं पीठ झटकायला लागली. तिने त्याला चहाही विचारला नाही. दहा वर्षांत या दारातून शफी चहा न घेता कधी गेला नव्हता. त्याला काय ते समजलं. हेल्मेट घालून तो उठला आणि गेला.

याकोब आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. "देवाला ठाऊक हाय," एवढंच म्हणाला आणि भाकरीचा तुकडा डाव्या हाताने मोडायला लागला. तिला वाटलं, ते ताट उचलून भिंतीवर भिरकावून द्यावं.

गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेब आले. बरोबर सोपानराव. पिशवीत सफरचंदं. रिबकाने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. पाणी दिलं. पाळकसाहेब भला माणूस. स्कूटरवरून सगळ्या मंडळीच्या घरी फिरणारा, लग्नात मयतात कधी चुकत नाही. त्यांनी वचन वाचलं, प्रार्थना केली, मग चष्मा पुसत म्हणाले, "उद्याचं तुम्हाला टेन्शन आलं असेल, याकोबभाऊ. काही घाबरू नका. रविवारी जे बोललात तेच बोला. माणसाच्या हातात काय असतं? काही गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या असतात. त्या देवाच्या हातून आल्या म्हणून स्वीकारायच्या. तुमच्या मनाला शांती मिळाली ती त्या स्वीकारामुळेच."

"आणि कंपनी वाऱ्यावर सोडणार नाही," सोपानराव म्हणाले. "मी बोललोय. हलकं काम देतील. गेटवर, स्टोअरला, कुठंतरी. फक्त वाकडं काही नको."

रिबका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने ठरवलं होतं गप्प राहायचं. पाहुण्यांपुढे, त्यातून पाळकांपुढे, तोंड उघडायचं नाही, हे बाळकडू तिला होतंच. पण 'वाकडं' हा शब्द आला आणि तिचं ठरवलेलं सगळं फुकट गेलं.

"पाळकसाहेब, एक विचारू? आमची सलोमी तुमी पाह्यली न्हाई. तुमच्या आधीचे साहेब होते तवा."

"ऐकलंय मी, बाई."

"हृदयाला भोक होतं तिच्या. जन्मताच. नऊ वर्षांची होऊन गेली. तिच्यासाठी त्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस डोळ्याला डोळा लावला न्हाई. पोरगी गेली तवा त्या बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. कुणाची चूक होती तिथं? कुणाचीच न्हाई. मी देवाला भांडले. वर्षभर उपासनेला आले न्हाई. ह्यांनीच मला समजावलं, रिबका, का म्हणून इचारू नकोस. मी इचारायचं सोडलं. स्वीकार काय असतो ते मला शिकवू नका, साहेब. मी तो केलाय. माझं लेकरू मातीत ठेवून केलाय."

याकोब जमिनीकडे बघत होता.

"पण ही बोटं देवानं नेली न्हाईत," रिबकाचा आवाज चढला. "सेन्सर देवानं बंद केला व्हय? माल कमी निघतो म्हणून देव खाली आला, आन् शफीला म्हणाला, वायर टाक? ज्यानं सांगितलं तो हितं बसलाय, माझ्या खुर्चीवर. माझं पाणी पिलाय. आन् तुमी मला म्हणताय, आवाक्याबाहेरचं हाय! देवाच्या नावावर काय काय खपवाल? त्याला तरी सोडा!"

"वहिनी, तोंड सांभाळा," सोपानराव उठलेच. "बारा वर्षांपूर्वी कोणाच्या दारात आला होतात, विसरलात?"

"न्हाई विसरले. म्हणून तर बारा वर्षं मूग गिळून होते. उद्या त्या बुद्धरत्नाच्या घरी सफरचंदं घेऊन जायचं असंल तर ही पिशवी पण घेऊन जावा. परत खर्च नको."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सोपानरावांकडे पाहिलं. "सेन्सर... हे काय आहे? मला तुम्ही मशीन बिघडलं म्हणाला होतात."

सोपानराव चपला घालून जिना उतरले. पाळकसाहेब दाराशी थोडे थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग "सलाम" एवढंच म्हणून गेले. जुन्या लोकांसारखा सलाम. एरवी तेही प्रेज द लॉर्डच म्हणतात.

दार लावून रिबका खाली बसली. पाळकांपुढे ती ओरडली होती! आई असती तर थोबाडीत दिली असती.

याकोब म्हणाला, "मी सोपानरावाला क्षमा केलीय, रिबका. खरंच केलीय. हॉस्पिटलातच. ती मोडू का आता?"

"मोडू नका."

"मग?"

"मला एवढंच सांगा. तुमी क्षमा कशाची केली? त्यानं सेन्सर बंद केला त्याची ना? मग उद्या तिथं 'चूक माझी' म्हणालात, तर त्याची चूकच न्हाई. चूकच न्हाई तर क्षमा कशाची केली? आधी त्याचं त्याच्या पदरात घाला, मग खुशाल क्षमा करा. मी पण करीन. आज न्हाई, पण करीन कधीतरी."

याकोबने मान वर केली.

"आन् माझं माझ्या पदरात," ती म्हणाली. "ते वाक्य मी गाळायला लावलं. लोक काय म्हणतील म्हणून. सोपानराव समोर बसलेत म्हणून. देवाची स्तुती खऱ्यानं बाटते व्हय? मला तेवढी अक्कल नसावी?" आणि मग ती रडली. सलोमी गेल्यापासून याकोबने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तो उठून तिच्याजवळ बसला. उद्या तो काय बोलणार, हे तिला झोपेपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी दहाला दोघं कंपनीच्या गेटवर पोचली. सिक्युरिटीवाला म्हणाला, फक्त याकोबकाका आत, बाईंनी बाहेर थांबायचं.

"मग तुमच्या साहेबांना सांगा," रिबका म्हणाली, "यांच्या पिशवीचं बटण काढायचं, कागद काढायचे, चष्म्याची डबी उघडायची. एवढं करायला कोणीतरी उभं करा." त्याने फोन लावला आणि दोघांना सोडलं.

केबिनमध्ये निरीक्षक मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, समोर उघडी फाइल. एका बाजूला रणजीत सर लॅपटॉप घेऊन, दुसऱ्या बाजूला सोपानराव. केबिनला मोठी काच होती, पलीकडे प्रेस शॉप, म्हणजे सगळ्या प्रेस मशीनांचा विभाग. सहा नंबरचा प्रेस त्या काचेतून सरळ दिसत होता. दर ठोक्याला टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलत होतं. प्रेससमोर एका माणसाची पाठ दिसत होती. तोच बुद्धरत्न असणार.

"मॅडम, आपला वेळ वाचावा म्हणून आधी हे बघा," रणजीत सर म्हणाले आणि लॅपटॉप फिरवला. हॉल, माइक, याकोब. "चूक माझीच होती." पाठोपाठ सोपानरावांचं आमेन. केबिनमध्ये ते फारच मोठं वाटलं. सोपानरावांनी टाय सारखा केला.

"हे तुम्हीच बोललात?" मॅडमनी विचारलं.

"व्हय," याकोब म्हणाला.

रिबकाला वाटलं, झालं, संपलं. हा माणूस आता 'देवाची मर्जी' म्हणणार आणि सही करून मोकळा होणार. तिने ओठ घट्ट मिटले. बोलायचं त्याचं होतं. गुरुवारी तिने तिचं बोलून घेतलं होतं.

"कोणी जबरदस्ती केली नव्हती?"

"न्हाई. मनापासून बोललो. पण मॅडम, ते मी देवापुढं बोललो. देवापुढं उभं राह्यलं की माणूस चुकलेलाच असतो. मी गर्व केला, घाई केली, ते खरंच हाय, मी परत सांगतो. पण मशीनचा सेन्सर चालू होता, असं मी कुठं म्हणालोय? हवं तर परत लावून बघा."

मॅडमनी पेन उचललं. "चालू नव्हता?"

"बंद होता. चार महिन्यांपासून बंद होता."

"मॅडम, असं काही नाही," रणजीत सर घाईने म्हणाले. "सेन्सर चालू आहे. आत्ता आपण मशीनवर जाऊ, हात घालून दाखवतो."

"आज चालू असंल," याकोब म्हणाला. त्याचा आवाज मुळीच चढला नाही. सव्वीस वर्षं मशीनच्या आवाजात काढलेला माणूस, तो कामाचं बोलायला लागला की असाच सावकाश बोलायचा. "सकाळी वायर काढली असंल. तुमी गेलात की परत लागंल. मला वायर दाखवता येणार न्हाई, मॅडम. पण प्रेसजवळ बोर्ड असतो. तासाला किती नग निघाले ते ऑपरेटर त्यावर लिहितो, शिफ्ट संपली की ते रजिस्टरला चढतं. सेन्सर चालू असला की हात पूर्ण बाहेर निघाल्याबिगर ठोका पडत न्हाई. तासाला पावणेदोनशे नग. मी मरमर केली तरी एकशेऐंशी. त्याच्या वर जात न्हाई. बंद असला की पावणेतीनशे पडतात. तुमी आजचा बोर्ड बघा. मग रजिस्टरला कालचा दिवस बघा. मग माझा हात गेला तो दिवस बघा."

पलीकडे प्रेसचे ठोके पडत होते. आता रिबकालाही ऐकू येत होतं, ते संथ होते. एक ठोका, मग थांबणं, मग दुसरा.

"रजिस्टर आणा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ते स्टोअरला..."

"आणा."

रजिस्टर आलं. मॅडम काचेपाशी जाऊन आजचा बोर्ड वाचून आल्या, मग पानं उलटत राहिल्या. आज तासाला एकशे शहात्तर. काल, दोनशे बहात्तर. परवा, दोनशे एक्क्याऐंशी. अपघाताच्या दिवशी, दोनशे चौऱ्याहत्तर. त्या आकड्यापुढे एक लाल बरोबरची खूण होती, टार्गेट गाठल्याची. खाली सोपानरावांची सही.

"बंद करायला कोणी सांगितलं?"

याकोब वळला. "सोपानराव, तुमी सांगता का मी सांगू?"

सोपानरावांच्या कपाळावर घाम आला होता. ते रणजीत सरांकडे बघत होते आणि रणजीत सर लॅपटॉपकडे. शेवटी सोपानराव पुटपुटले, "वरून प्रेशर असतं, मॅडम. मी एकटा काय करणार? माझ्या हातात काही नव्हतं."

रिबकाला हसू फुटलं. असं कडू हसू तिला आयुष्यात कधी आलं नव्हतं. हातात काही नव्हतं म्हणे!

मॅडमनी फिटरला बोलवायला सांगितलं. शफी आला. कोणी विचारायच्या आतच त्याने खिशातून वीतभर वायर काढून टेबलावर ठेवली. "आज सकाळी सहाला काढायला लावली. तुम्ही गेल्यावर परत लावायची होती," तो म्हणाला, आणि दारातच उभा राहिला. नोकरी गेल्याचं त्याला कळलं होतं, पण पाठ ताठ होती. त्याने रिबकाकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

जबाब लिहून झाला. दोन पानं. मॅडमनी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात याकोबची घाई होती, त्याचा गर्वसुद्धा होता, कारण ते कापू नका असं त्याने सांगितलं होतं. आणि सेन्सर होता, वायर होती, नाव होतं. मॅडमनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

याकोबने पेन डाव्या हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"काय झालं, काका? काही राहिलं का?"

"सही करतो, मॅडम. आधी त्या माणसाला उठवा."

"प्रेस सील करायची ऑर्डर मी काढणारच आहे. संध्याकाळपर्यंत होईल."

"वायर परत टाकायला पाच मिंटं लागत्यात. संध्याकाळपर्यंत लई ठोके पडत्यात," याकोब म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी स्वतः काच सरकवली आणि हात वर करून ओरडल्या. प्रेस थांबला. एवढ्या मोठ्या शॉपमध्ये बाकीची मशीनं चालूच होती, तरी त्या एका मशीनचं थांबणं जाणवलं.

बुद्धरत्न चिंधीला हात पुसत आला. ठेंगणा माणूस, कपाळावर तेलाचा डाग, चेहऱ्यावर वैताग. "काय राव, दीड तास राह्यला होता शिफ्टला," तो शफीला म्हणाला. "आधीच आज माल कमी. माझं काय चुकलं म्हणून उठवलं?"

शफी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. बुद्धरत्न चिडून एक हात पुसत होता, मग दुसरा. रिबका त्या हातांकडे बघत होती. तिने डाव्याची बोटं मोजली. मग उजव्याची मोजली. मग खात्री करायला परत पहिल्यापासून मोजली. दहा भरली.

"करा सही," ती याकोबला म्हणाली.